उतरण्यास हरकत नाही

माझी ताई विमान चालवते असं सांगितलं की लोकांचा पहिला प्रश्न असतो, "मोठं का?" मोठं नाही. सहा माणसांचं आहे, आणि त्याला चाकंही नाहीत. चाकांच्या जागी होडीसारखे दोन लांब पोकळ फ्लोट आहेत आणि त्यांवर ते पाण्यात उभं राहतं. सी-प्लेन. मग दुसरा प्रश्न येतो, "बुडत नाही का?" या प्रश्नाला ताई हसते आणि मी चिडतो. एकोणीस वर्षं मी तिच्याच कचेरीत काम करतोय आणि एकोणीस वर्षं या प्रश्नाला चिडतोय.

ताई आता एकसष्टची आहे. बुटकी, खांद्याने रुंद, आणि पाय कायम ओले. घरात आली की फरशीवर तिच्या पावलांचे ठसे उमटतात. त्यावरून आमची आई शेवटपर्यंत तिच्यावर ओरडली आणि ताई शेवटपर्यंत "हो हो, पुसते" म्हणत राहिली. पुसलं मात्र कधी नाही.

सकाळी धक्क्यावर आल्यावर तिचं पहिलं काम म्हणजे फ्लोटमधलं पाणी उपसणं. एकेका फ्लोटला आतून सहा कप्पे असतात, आणि कितीही चांगला फ्लोट असला तरी रात्रभरात थोडं पाणी झिरपतंच. वरचं रबरी बूच काढायचं, हातपंप लावायचा आणि खटके मोजायचे. डाव्या फ्लोटच्या तिसऱ्या कप्प्यातून रोज चौदा खटके पाणी निघतं. एखाद्या दिवशी सतरा निघाले तर ताई विमान हलवत नाही, मग धक्क्यावर कोणीही तिष्ठत उभं असो. मोजताना कोणी बोललं तर ती नुसतं एक बोट वर करते. मी नवा असताना एकदा मध्येच "चहा आणू का?" विचारलं होतं. तिने बाराच्या बारा कप्पे पहिल्यापासून मोजले आणि तोवर मला तिथेच उभं केलं. चहा नंतर तिनेच आणला, पण गार झालेला.

माझं काम कागदांचं. लोकांना वाटतं, पाणी दिसलं की उतरायचं. अहो, हवेत आहे तोवर ते विमान आणि त्याला विमानाचे कायदे. फ्लोट पाण्याला टेकला की त्याच क्षणी ती बोट होते आणि तिला बोटीचे कायदे लागतात. त्यातही ती सगळ्यात धाकटी बोट. वल्ह्याची होडी, शिडाची होडी, गळ टाकून बसलेला माणूस, पोहणारी पोरं, सगळ्यांना वाट आपण द्यायची. लग्नघरात आलेल्या दूरच्या पाहुण्यासारखं कोपरा बघून उभं राहायचं. सरकारी पाणी असेल तर कुठून कुठपर्यंत उतरायचं, काठापासून किती लांब, सूर्योदयानंतर कधी आणि सूर्यास्ताआधी कधी, हे सगळं ठरलेलं असतं. खासगी पाणी असेल तर मालकाची लेखी परवानगी. ती परवानगी मिळवायची, तिची मुदत बघायची, फाइलला लावायची आणि वैमानिकाला बजावून सांगायचं, हे मी करतो. धक्क्यावरची मंडळी माझ्यामागे मला 'पोटकलम' म्हणतात. मला ते माहीत आहे आणि मला ते आवडतं.

याच्या आधी मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. सोळा वर्षं. दुसऱ्याचा सुटलेला काना मला खोलीच्या पलीकडून दिसायचा. मग छापखान्याला टाळं लागलं आणि मी आठ महिने घरी बसलो. बसलो म्हणजे अक्षरशः बसलो, खिडकीपाशी. आठ महिन्यांनी एके दिवशी ताई ओल्या पायांनी आत आली आणि म्हणाली, "उद्यापासून ये. आमच्याकडे कागदांचा नुसता उकिरडा झालाय." मी गेलो.

आता आम्ही जिथून उडतो त्या तळ्याबद्दल सांगायला हवं. आमचं तळं लांबट आहे आणि मध्ये चिंचोळं होतं. त्या चिंचोळ्या जागी पिवळ्या तरंगत्या बोयांची रांग आहे, मध्ये जाण्यायेण्यापुरती फट. रांगेच्या अलीकडचं पाणी सरकारी आणि पलीकडचं एका फळबागेच्या मालकाचं. त्यांना सगळे बागवाले काका म्हणत. पलीकडच्या काठाला बाग आहे आणि बागेमागे चाळीसेक घरं. तिथून इस्पितळात जायचं तर रस्त्याने तीन तास लागतात आणि विमानाने अकरा मिनिटं. म्हणून काकांची परवानगी आम्हाला हवी होती. पण काकांना मोटारीच्या आवाजाचा तिटकारा होता. त्यांच्या धक्क्यावर पाटीच होती: 'या पाण्यावर मोटार चालवण्यास सक्त मनाई आहे.' ताईने चार महिने त्यांच्या मागे लागून शेवटी त्यांना राजी केलं, आणि परवानगीचा मसुदा करायचं काम आलं माझ्याकडे. नोकरीला लागून मला चार दिवस झाले होते.

मी त्या मसुद्याला तीन दिवस घेतले. कोणते वार, कोणती वेळ, काठापासून अंतर, कोणत्या महिन्यांत नाही, सगळं घातलं. ही परवानगी मालकाच्या वारसांवरही बंधनकारक राहील, हेही घातलं, आणि त्या वाक्यावर मी फार खूश होतो. घरी जाऊन आख्खं पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं. काकांनी सही केली, ताईने सही केली, पत्र फाइलला लागलं आणि अठरा वर्षं सगळं सुरळीत चाललं.

मागच्या वर्षी काका गेले. पाणी मुलीच्या नावावर झालं आणि कारभार जावयाच्या हातात आला. जावई वकील. मला वकिलांचं वावडं नाही, शब्दाचा कीस पाडणारा माणूस मला एरवी आपलाच वाटतो.

त्याआधी या वर्षीच्या तक्रारीचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला सरकारी पाण्यावर एक गळवाले गृहस्थ होडीत बसले होते. ताई त्यांच्यापासून नियमाहून जास्तच लांबून गेली, पण लाट काही नियम वाचत नाही. ती गेली, होडी हलली, आणि त्यांचा आमिषांचा डबा पाण्यात पडला. माशांची चैन झाली आणि गृहस्थांनी तक्रार ठोकली. लाटेची जबाबदारी वैमानिकाचीच, म्हणून ती शाबीतही झाली. आमच्याकडचा नियम असा की एका वर्षात दोन तक्रारी शाबीत झाल्या की वैमानिकाचा परवाना दोन वर्षं बंद. प्रवासी विमान त्रेसष्टपर्यंतच चालवता येतं आणि ताई एकसष्टची. म्हणजे आणखी एक तक्रार आली की तिचं उडणं कायमचं संपलं. हा हिशेब मी तिला करून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "मला वजाबाकी येते." आणि पंप घेऊन गेली.

त्या दिवशी आम्ही बागवाल्या काकूंना इस्पितळातून घरी सोडायला निघालो. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. फ्लोटवरून धक्क्यावर पाय टाकताना धरायला कोणीतरी हवं, म्हणून मीही गेलो. जाताना त्यांना जावयाने गाडीने नेलं होतं, त्यामुळे काका गेल्यापासून त्या बाजूची ही आमची पहिलीच फेरी होती. ताईने इतकं अलगद उतरवलं की काकूंनी विचारलं, "टेकलं का?" धक्क्याला लागलो, दोर बांधला, काकूंना दोघांनी धरून व्हरांड्यातल्या खुर्चीत बसवलं. जावईबापू धक्क्यावरच उभे होते. हातात कागद होता.

"हे पत्र तुमच्या कचेरीचं ना?" त्यांनी मला विचारलं.

"आमचंच."

"वारसांवर बंधनकारक आहे असं यात म्हटलंय."

"म्हटलंय. म्हणजे तुमच्यावरही बंधनकारक आहे," मी म्हणालो. छाती थोडी पुढे काढूनच म्हणालो.

"मान्य. मग वाचा ना काय बंधनकारक आहे ते."

मी वाचलं. 'सदर विमानास माझ्या मालकीच्या पाण्यावर उतरण्यास हरकत नाही.' पुढे वार, वेळा, अंतर, महिने, वारस. पुन्हा वरून खालपर्यंत वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा दिसलं. उतरल्यावर परत उडण्याबद्दल त्या पत्रात एक अक्षर नव्हतं.

"तुम्ही उतरलात, धक्क्यापर्यंत आलात, ते उतरण्यातच आलं," जावईबापू म्हणाले. "तेवढा आडमुठा मी नाही. पण आता इंजिन सुरू केलंत की माझ्या पाण्यावर विनापरवाना मोटार चालवली, असं होतं. पाटी आहे, पत्र आहे. मी तक्रार करणार. आधीच सांगतोय, नंतर म्हणू नका."

"पण का?" मी विचारलं.

"आम्ही इथे विश्रांतीगृह काढतोय. लोक शांततेसाठी येणार. डोक्यावरून विमानं गेली तर कोण येईल?"

"मग हे विमान काय इथेच ठेवायचं?"

"पंख सोडवा आणि ट्रकवर घालून न्या. मला घाई नाही."

पंख सोडवायला चार माणसं आणि दोन दिवस लागतात. त्या बागेतल्या रस्त्यावरून बैलगाडी वळताना कुरकुरेल, तिथे ट्रक कुठून आणायचा? आणि दुसऱ्या दिवशी वादळाचा इशारा होता. त्या जुन्या धक्क्याला बांधलेलं हलकं विमान वादळात रात्रभरही टिकलं नसतं. हे सगळं माझ्या एका शब्दाने झालं होतं, म्हणजे न लिहिलेल्या एका शब्दाने. मी ताईकडे बघूही शकत नव्हतो. दुसऱ्या कुणाची ही चूक असती तर मी त्याला आठवडाभर सोलून काढलं असतं.

व्हरांड्यातून काकूंनी हाक मारली, "थांब गं, मी सांगते त्याला."

"काकू, तुम्ही खुबा सांभाळा," ताई म्हणाली. "टाके अजून ओले आहेत. घरात भांडण नको."

मला वाटलं होतं ती जावयाशी भांडेल. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती बागेतल्या झाडांच्या शेंड्यांकडे बघत होती. मग पाण्याकडे बघितलं, मग लांब बोयांकडे. वारा बागेकडून बोयांच्या दिशेने वाहत होता.

"वकीलसाहेब," ती म्हणाली, "तुमच्या पाण्यावर शिडाची होडी चालते का?"

"चालते की. पाटीवर फक्त मोटार आहे."

"वाऱ्यावर जे चालेल त्याला तुमची हरकत नाही ना?"

जावईबापू क्षणभर थांबले. वकील माणूस, प्रश्नात काय दडलंय ते शोधत असणार. काही सापडलं नाही तेव्हा म्हणाले, "नाही. वाऱ्याला माझी हरकत कशी असेल?"

"काकू, ऐकलंत ना?"

"ऐकलं," काकू म्हणाल्या.

"चल रे बारक्या," ताई मला म्हणाली. पंचावन्न वर्षांच्या माणसाला चारचौघांत बारक्या म्हणणारी ती एकटीच उरलीय. "दोर सोड आणि आत बस. उजवं दार तुझं."

मी दोर सोडला. तिने पायाने धक्क्याला रेटा दिला आणि विमान सुटलं. सी-प्लेनचं इंजिन बंद असलं की ते आपोआप वाऱ्याकडे तोंड करतं, हे मला फाइलींमुळे माहीत होतं. तसं त्याने बागेकडे नाक केलं, आणि शेपूट आपसूक बोयांकडे झालं. मग वाऱ्याने ते मागे रेटायला सुरुवात केली. म्हणजे आम्ही उलटे निघालो होतो.

"आता दार उघड. पूर्ण. आणि धरून ठेव," ताई म्हणाली. तिने आपलंही दार उघडलं, पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, म्हणजे फ्लॅप, खाली सोडले, आणि फ्लोटमागची पाण्यातली छोटी सुकाणू वर उचलून घेतली. "ती दोन दारं म्हणजे आपली शिडं."

ऐकायला सोपं वाटतं. पण त्या दाराच्या बिजागऱ्या पुढच्या बाजूला आहेत आणि वारा समोरून येतो, म्हणजे दार सतत मिटायला बघतं. हाताने धरलं तर हात भरून येतो, पायाने रेटलं तर पाय. मी दोन्ही लावले. दार उघडं राहिलं आणि विमानाचा वेग खरंच वाढला. धक्का हळूहळू लहान होत गेला.

ताई दारातून मान बाहेर काढून मागे बघत होती. हातात विमान वळवायचं चाक, पाय शेपटीच्या सुकाणूच्या पट्ट्यांवर. ज्या बाजूला शेपूट न्यायचं त्या बाजूला हातातलं चाक फिरवायचं आणि पाय त्याच्या उलटा दाबायचा. माझं तर ऐकूनच डोकं फिरलं. ती ते असं करत होती की जणू आयुष्यभर विमानं मागेच जात आली आहेत. मध्येच मला म्हणाली, "तुझं दार ढिलं पडलंय." मी परत रेटलं.

जावईबापू काठाने आमच्याबरोबर चालत होते. हातात फोन धरलेला होता आणि ते चित्रण करत होते, इंजिन कधी सुरू होतं ते टिपायला. एक माणूस पुढे तोंड करून चालतोय आणि शेजारी एक विमान पाठमोरं चाललंय. दुसऱ्या एखाद्या दिवशी मी हसून लोळलो असतो.

निम्म्याहून जास्त अंतर झालं आणि वारा पडला. म्हणजे एकदम. विमान पाण्यावर उभंच राहिलं, आणि मग अगदी सावकाश, डावीकडच्या लव्हाळ्याकडे सरकायला लागलं. त्यात शिरलो असतो तर बाहेर ओढून काढायला मोटारच लागली असती. काठाने तिथे झाडी होती. जावईबापू झाडीच्या मागे गेले आणि दिसेनासे झाले. किल्ली समोर लटकत होती.

"ताई," मी म्हणालो, "एकच मिनिट सुरू कर. बोयांपार जा आणि बंद कर. तो झाडीत आहे. कोण बघतंय?"

हे मी बोललो. पोटकलम. माणसं आपली पायताणं धक्क्याच्या रेषेबाहेर ठेवतात तेव्हा त्यांना हटकणारा मी.

ताईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही पाहिलं. "तू बघतोयस ना," ती म्हणाली.

मग तिने आसनाखालून वल्हं काढलं, फ्लोटवर उतरली आणि गुडघे टेकून हळूहळू वल्हवायला लागली. एकसष्ट वर्षांची बाई दीड टनाचं विमान लव्हाळ्यापासून वल्ह्याने लांब ठेवतेय आणि मी दार धरून बसलोय. "मी येऊ का?" विचारलं तर तिने एक बोट वर केलं. लव्हाळं दोन हातांवर असताना झाडांचे शेंडे हलले. ती आत आली, पाय निथळत होते, बसली आणि चाक हातात घेतलं. आम्ही पुन्हा मागे चालायला लागलो. जावईबापू झाडीतून बाहेर आले. फोन अजून तसाच धरलेला होता, पण त्यांचा चेहरा पहिल्यासारखा राहिला नव्हता.

आता चिंचोळी जागा आली आणि तिथे नवीनच माशी शिंकली. बोयांच्या फटीत, बरोब्बर मधोमध, एक होडी उभी होती. तीत गळ टाकून एक गृहस्थ बसले होते. होय, तेच. आमिषांच्या डब्याचे.

आम्ही मागे चाललोय, ब्रेक नाही, इंजिन नाही, आणि धाकटी बोट आम्ही. वाट आम्हीच द्यायची. त्यांच्या होडीला आमचं शेपूट नुसतं लागलं असतं तरी दुसरी तक्रार, आणि तीही खरी. ताईने शांतपणे आपलं दार ओढून घेतलं, मलाही माझं ओढायला सांगितलं, फ्लॅप वर घेतले आणि फ्लोटच्या पुढच्या टोकाला दोराने बांधलेली बादली पाण्यात टाकली. बादली पाण्याने भरली, दोर ताणला गेला आणि विमान रांगायला लागलं.

गृहस्थांनी मान वर केली. एक विमान आपल्याकडे पार्श्वभाग करून येतंय, हे त्यांना पचायला थोडा वेळ लागला.

"इंजिन बंद पडलंय का?" त्यांनी ओरडून विचारलं.

"इंजिन धडधाकट आहे. परवानगी बंद पडलीय," ताई म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे त्या बोयांपर्यंत मला वाऱ्यावरच यायचंय. तुमचा गळ आहे, हक्क तुमचा आहे. तुम्ही म्हणाल तेवढं मी वल्हं मारून इथे थांबते."

काठावर फोन धरलेला माणूसही त्यांनी पाहिला. मग त्यांनी गळ गुंडाळायला घेतला. सावकाश, एकेक वेटोळं करत. मला त्यांचा तो गळ दातांनी तोडावासा वाटत होता.

"मागे मी तक्रार केली होती," गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले. "राग नाही ना?"

"आहे," ताई म्हणाली. "पण आधी बाजूला व्हा, राग नंतर."

ते हसले, वल्ही मारली आणि फट मोकळी केली. ताईने बादली ओढून घेतली. "दार," ती म्हणाली. मी दार रेटलं. पिवळ्या बोया माझ्या बाजूने एकेक करून पुढे निघून गेल्या, म्हणजे आम्ही मागे आलो. काठावर जावईबापूंनी फोन खिशात ठेवला. मग ते वळून बागेकडे चालायला लागले.

आम्ही सरकारी पाण्यात होतो. ताई वाचली होती. मी मात्र दार सोडलं नाही, आणि तिने इंजिनही लगेच सुरू केलं नाही. गृहस्थांची होडी पुरेशी लांब जाईपर्यंत थांबायचं होतं.

"ताई, ते पत्र मी लिहिलं होतं," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"उडण्याचं मी लिहिलंच नाही. माझ्या लक्षातच आलं नाही. आणि ते कळलं तेही त्या माणसाकडून, आज."

"तुला आज कळलं. मला सही करतानाच कळलं होतं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"वाचल्याशिवाय सही करेन का मी?" ती म्हणाली. "वारस, वार, वेळा, सगळं होतं. उडायचं तेवढं नव्हतं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"काकांनी ती सही चार महिन्यांनी दिली होती. दुरुस्तीला परत गेले असते तर त्यांनी होती तीही फाडली असती." ती मागे बघत होती, होडी किती लांब गेली ते. "आणि तू ते पत्र आईला वाचून दाखवलंस त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. आठ महिन्यांनी तुझा आवाज ऐकला होता त्या घरात. त्या पत्राला चूक आहे म्हणून मी कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

मी दार आणखी घट्ट धरलं.

"कधीतरी कुणीतरी ते वाचणारच होतं," ताई म्हणाली. "म्हणून शिकून घेतलं. दर वर्षी मोसमाच्या शेवटच्या फेरीला प्रवासी सोडले की इंजिन बंद ठेवून त्या धक्क्यापासून इथवर उलटं यायचं. पहिल्या वर्षी तीनदा लव्हाळ्यात गेले. काका काठावर उभे राहून हसायचे. त्यांना वाटायचं मला वेड लागलंय."

अठरा वर्षं. वर्षातून एकदा ती माझी चूक एकटी बसून निस्तरायला शिकत होती, आणि घरी येऊन ओल्या पायांनी माझ्यासमोर जेवत होती. मी त्या अठरा वर्षांत तिला किती वेळा नियम शिकवले असतील, ते आठवलं आणि मला रडू आलं. लपवलं नाही, लपवायला हात मोकळे कुठे होते.

"बास आता, दार लाव," ती म्हणाली. "उडायचंय."

मला दार लावता येईना. पाऊण तास धरून माझी बोटं आखडून बसली होती. ताई माझ्यावरून वाकली, माझी बोटं एकेक करून सोडवली, माझं दार ओढून लावलं आणि किल्ली फिरवली.